कोरडी पिशवी

"मॅडम, हे पोर बघा कसं तरारलंय!" माळीकाम करणाऱ्या भिकूमामांनी काचघरातलं जांभूळ कुरवाळलं. या रोपाला शर्वाणी पन्नास वर्षांनंतरची हवा पाजत होती, कार्बन डायऑक्साइडने जड झालेली. दुसरं जांभूळ बाहेर, आजच्या हवेत वाढत होतं.

सकाळी तिने दोन्ही रोपांच्या फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. बाहेरची पिशवी पानांच्या घामाने ओथंबली होती. आतली जवळजवळ कोरडीच.

"पाणीसुद्धा फारसं मागत नाही हो. गुणाचं आहे."

शर्वाणीने आतलं पान गालाला लावलं. तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळासारखं लागलं ते. हवेतून कार्बन आयता पोटभर मिळत होता, म्हणून पानाने आपली बारीक छिद्रं मिटून घेतली होती. घाम नाही, म्हणून गारवा नाही. ढगांना द्यायला वाफही नाही. आणि 'झाडं लावा, ऊन उतरेल,' असं ती आयुष्यभर गावोगाव सांगत फिरली होती.

"अशीच झाडं सगळीकडं व्हायला पाहिजेत बघा," मामा कौतुकाने म्हणाले.

तिने कोरडी पिशवी सोडून घडी घातली.

"होणारच आहेत, मामा. सगळीकडे."