एका दाताचा फरक

कमलेशने डबा उघडला आणि आधी जयदेवपुढे धरला. जयदेवने हात धुवायचं निमित्त काढलं आणि तो उठून गेला.

हा पोरगा आपल्याला दादा म्हणतो, हेसुद्धा त्याला आताशा सहन होत नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या रामभाऊंच्या गॅरेजात जयदेव आला तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. कमलेश कितीतरी वर्षांनी आला, बापाचं जीन्सचं दुकान सोडून, निव्वळ हौसेखातर. आणि आता गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, कमलेश आहे का? जयदेव समोर पाना घेऊन उभा असला तरी. त्याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं तो रोज रिक्षातून अंबरनाथला घरी घेऊन जायचा.

रामभाऊंची नजर अधू झाली होती. मुलगा बँकेत, बदलापूरला शिरगावात राहणारा. त्याच्याकडे ते कायमचे निघाले होते. गॅरेज दोघांपैकी एकाला चालवायला द्यायचं, एवढं त्यांचं ठरलं होतं. कोणाला, तेवढंच बाकी होतं. अशात एका ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन जुन्या गाड्या आल्या, अगदी सारख्या, दोन्हींचे टायमिंग बेल्ट बदलायला झालेले. रामभाऊंनी एकेकाला एकेक गाडी दिली.

"बेल्टच्या खुणा मला आता दिसत नाहीत," ते म्हणाले, "पण कान शाबूत आहेत. जिचं इंजिन गोड वाजेल, तिच्या मेस्त्रीला गॅरेजची किल्ली."

सकाळी काम सुरू करण्याआधी कमलेश रामभाऊंपाशी बराच वेळ खालमानेने काहीतरी बोलत होता. रामभाऊंनी हात झटकला आणि त्याला कामाला लावलं. जयदेवने लांबूनच पाहिलं. लावतोय मस्का, त्याच्या मनात आलं.

बेल्टचं काम दिसायला साधं. खालच्या क्रँकची पुली आणि वरच्या कॅमची पुली, दोन्हींच्या खुणा जुळवायच्या आणि दातेरी बेल्ट चढवायचा. एक दात इकडचा तिकडे झाला तर गाडी सुरू होते, पण खोकते. चढाला तर जीवच टाकते.

जेवण झालं. रामभाऊ घरी जरा आडवे झाले होते. कमलेश चहा सांगायला नाक्यावर गेला. त्याच्या गाडीचा बेल्ट चढलेला होता, कव्हर तेवढं बाजूला पडलेलं. जयदेवची स्वतःची गाडी जवळपास झालीच होती. प्लगना ठिणगी वाटणारा डेल्को त्याने टायमिंग लाइट धरून बरोबर जागी आणला होता. त्याचा बोल्ट कसला की काम संपलं. पाना त्याने त्यासाठीच उचलला होता.

तो पाना घेऊन तो कमलेशच्या गाडीशी गेला.

कमलेशने बेल्ट चढवून इंजिन हाताने फिरवून सोडलं होतं, त्यामुळे खुणा समोर नव्हत्या. जयदेवला त्या बघायची गरजही नव्हती. कमलेशचं काम चुकायचं नाही, हे त्याच्याइतकं उल्हासनगरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तेच तर दुखणं होतं. त्याने बेल्ट ढिला केला, एक दात पुढे सरकवला आणि पुन्हा ताणून कसला. नाक्याकडून कमलेशच्या चपला वाजल्या तेव्हा तो बाकड्यावर बसून हात पुसत होता. भीती वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

रामभाऊ आले, स्टुलावर बसले. कमलेशने मुकाट्याने कव्हर लावलं.

आधी जयदेवची गाडी. सेल्फ मारताच सुरू झाली, छान वाजली. रामभाऊंनी रेस द्यायला सांगितलं. रेस वाढली तसा आवाज बिघडला, इंजिन ठोके द्यायला लागलं आणि दोन आचके देऊन बंद पडलं. जयदेवने बॉनेटखाली हात घातला. डेल्को बोटाने फिरत होता. बोल्ट कसायचा राहूनच गेला होता. जयदेवने मनाची समजूत घातली, दुसरी याहून वाईट खोकेल. दोघेही नापास झाले, तर मग जुन्याचाच मान.

कमलेशने किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली आणि एका लयीत वाजू लागली. कमलेशने रेस दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा तर जोरात दिली. इंजिन जराही अडखळलं नाही. रामभाऊंनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, मग खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि कमलेशच्या तळहातावर ठेवली. "सांभाळ बाबा," म्हणाले, आणि घरी निघाले.

देवसुद्धा याच्याच बाजूने, जयदेवला वाटलं. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

रामभाऊ गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, तसा कमलेश जवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, मी चहा सांगायला गेलो, तेव्हा माझ्या गाडीला कोणी हात लावला का?"

सापडलो, जयदेवच्या मनात आलं.

"कोणी नाही. मी इथंच होतो."

"बघ ना आठवून."

"नाही म्हटलं ना."

"मग ती गोड वाजली कशी?" कमलेश हातातल्या किल्लीकडे बघत म्हणाला. "सकाळी रामभाऊकाकांना सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही, म्हणून मीच बेल्ट मुद्दाम एक दात मागे बसवला होता, दादा. गॅरेज तुला मिळावं म्हणून."