मागची एकोणचाळीस

मानकोलीच्या गोडाऊनमधल्या सर्व्हरचं लिनक्स अपग्रेड मधेच अडकलं होतं. थोरली मृणाली घरातूनच लॅपटॉपवर झगडत होती. गेटवर खोळंबलेल्या ड्रायव्हरांचे फोन घेत बाबा ओटीवर येरझाऱ्या घालत होते, आणि धाकटी उन्नती उगाचच दाराशी घुटमळत होती.

"आता काय झाला गो?" बाबा वैतागले.

"अपग्रेडमधलं एक सॉफ्टवेअर पॅकेज सेटच होत नाहीये, बाबा. मागची एकोणचाळीस फुकट रांगेत उभी आहेत. त्यांचं याच्यावाचून काहीच अडत नाही."

"मंग?"

"याला राहू दे याच्या जागी. मागच्यांना पुढं सोडते."

येरझाऱ्या थांबल्या. गेटवरून परत फोन वाजला, तो बाबांनी उचललाच नाही.



"उन्नती, तुझ्या त्या कल्पेशच्या बापाला सांग, रविवारी येतो बोलणी करायला. थोरलीचं ठरायची वाट आता न्हाय बघायची."