अधांतरी खोली

"बाबा, तो घण खाली ठेवा आधी," लेक म्हणाली.

म्हाताऱ्याने घण खाली ठेवला, पण दांड्यावरचा हात काढला नाही. त्याला सगळे घणमामा म्हणत. उभा जन्म त्याने इमारती पाडल्या होत्या. आज लेकीने नुसतं मदतीला बोलावलं होतं, तरी सवयीने तो घण घेऊनच आला होता.

समोरचा दवाखाना पाडायचा नव्हताच. लेकीच्या कारखान्यात त्याच्या खोल्या अख्ख्या तयार झाल्या होत्या आणि इथे आणून एकीवर एक ठेवून बोल्टांनी आवळल्या होत्या. आता इथे पक्का दवाखाना झाला होता, म्हणून त्या सुट्या करून डोंगरापलीकडच्या गावात न्यायच्या होत्या. तिथला दवाखाना दरडीखाली गाडला गेला होता. बायका तंबूत बाळंत होत होत्या.

त्या गावची नर्स सकाळपासून ट्रेलरपाशी उभी होती. "नीट निघेल ना हो?" तिने पुन्हा विचारलं. "थंडी तोंडावर आलीय."

सगळ्यात वर बाळंतपणाची खोली होती. बापलेक तिथे चढले. वायरी आणि नळांचे जोड सोडवून झाले होते. बोल्टही निघाले होते, एक तेवढा गंजून बसला होता. घणमामाचे हात शिवशिवले.

"एक घाव घालू दे. कसा सुटत नाही बघतो."

"सुटेल हो. पण भिंत तडकली तर त्या बायकांना काय पाठवू? राडारोडा?"

तिने बोल्टवर तेल सोडलं आणि चक्क बसून राहिली. घणमामाही बसला. कामावर असं थांबणं त्याला ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने पाना लावून अंगाचा भार टाकला. बोल्ट कुरकुरला आणि फिरला.

खाली आल्यावर तिने खोलीच्या कोपऱ्याला बांधलेला लांब दोर बापाच्या हातात दिला. "फिरायला लागली तर ओढा. हळू हं. म्हैस नाहीये."

क्रेनची तार ताणली गेली. घणमामाने सवयीने डोळे मिटले, तोंडावर रुमाल धरला आणि धडाड आवाजाची वाट पाहिली.

आवाज झालाच नाही.

त्याने डोळे उघडले. खोली अधांतरी होती. तिच्या आणि खालच्या खोलीच्या मधे आभाळाची एक फट दिसत होती आणि ती रुंदावत चालली होती. खिडकीच्या काचा जागच्या जागी होत्या. आत खुंटीवर कुणाचा तरी राहून गेलेला पांढरा कोट हेलकावत होता.

वारा आला तशी खोली फिरू लागली.

"बाबा, ओढा!"

त्याने ओढलं, जेमतेम. एवढी थोरली खोली थबकली आणि त्याच्या हाताच्या दिशेने सावकाश वळली. तिची थरथर दोरातून त्याच्या तळहातात उतरली. आजवर त्याचा हात ज्या भिंतीला लागला ती खाली आली होती. ही वर होती, आणि त्याचं ऐकत होती.

खोली ट्रेलरवर टेकली. नर्स आत शिरली. भिंतींवरून हात फिरवत तिने सगळे कोपरे पाहिले. मग खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं.

"मामा, साधा ओरखडासुद्धा नाही हो!"

ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. घणमामाने दोर अजून घट्ट धरला होता. शेवटी लेकीनेच त्याची बोटं एकेक करून सोडवली.

संध्याकाळी तो घरी आला. बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सदरा हातात घेऊन झटकला. धूळ उडालीच नाही.

"काय हो, दवाखाना पाडायला गेला होतात ना?"

"पाडला नाही गं," तो म्हणाला. "पाठवणी केली."