तिच्या हाताचं बियाणं

कुरणात पेरायचं बियाणं घ्यायला सासरा कोठीत आला आणि दारातच थबकला. पोतं रिकामं होऊन खिळ्याला लटकत होतं. खाली फळीवर पत्र्याचे तीन डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर खडूनं नाव: गवत, लसूणघास, वेल.

सून मागून आली. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. पोत्यात सगळी भेसळच होती, ती सांगू लागली. तीन दिवस खपून तिनं पाखडून गवत वेगळं केलं, चाळण्या लावून बाकीची दोन, आणि उरलंसुरलं बोटांनी टिपलं. औषधाच्या दुकानात वाढलेली पोर ती. एका बरणीत दोन जिन्नस म्हणजे तिच्या माहेरी गुन्हाच.

 म्हातारा उपड्या बादलीवर बसला. 

ते बियाणं त्याच्या बायकोनं कालवलं होतं. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी, धाप लागत असताना, मधे मधे थांबत. ती परत आली नाही. तीस वर्षं हे काम तिचंच. लसूणघास नि वेल दोन्ही शेंगांची जात, शेजारच्या गवतालाही पोसणारी. पण लसूणघास अंमळ जास्त झाला की गाई फुगून मरतात, कमी पडला की दूध आटतं, आणि वेल माजला तर गवताला गिळतो. किती काय घालायचं हे त्यानं दर पेरणीला विचारलं होतं. ती म्हणायची, हाताला कळतं, तुम्हाला काय करायचंय? त्यांच्या गोठ्यात एकही गाय कधी फुगली नाही. पण त्यामागचं सगळं गणित एका बाईच्या मुठीत होतं. मूठ गेली, मागं एवढं एक पोतं राहिलं.

हे त्यानं सुनेला सांगितलं, आवाज न चढवता. तेच तिला जास्त लागलं. चार शब्द ओरडून बोलले असते तर सोसलं असतं. सासूच्या हातचं शेवटचं काम आपण उसवून ठेवलं, आणि तेही हौसेनं. तिला रडू आवरेना.

"टाकलंस का काही त्यातलं?" त्यानं विचारलं.

काडीकचरा तेवढा टाकला होता, बी एकही नाही.

मग ओत सगळं परत एकात, तो म्हणाला. यंदाचं तर निभेल, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं घमेलं ओढलं, पहिला डबा उचलला, आणि तशीच उभी राहिली. मग झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला खडूचा आकडा होता.

"बाबा, भरताना मी मापानं भरलं होतं," ती हळूच म्हणाली. "सवय आहे हाताला. गवत बावीस मापं. लसूणघास नऊ. वेल चार."

त्यानं तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

नंतर तो उठला आणि तिन्ही डबे त्यानं स्वतः घमेल्यात रिते केले. कालवायला हात पुढे केला, तो बियाण्याला लागायच्या आत मागे घेतला, आणि घमेलं तिच्याकडे सरकवलं.

"तीस वर्षं मी विचारत होतो," तो म्हणाला. "आणि तिनं सांगितलं तुला. कालव."