पहिला हात

आफ्रिकेतल्या समुद्राएवढ्या तळ्याकाठी होडी लागली आणि माझ्या मुलानं उतरायला पहिला हात दिला तो सासूला. लग्नात ज्या बाईनं माझे पाय धुतले, तिला! मला म्हणाला, "आई, तू ये गं, तुला जमतं." जमतं म्हणून काय कुणी हातच देऊ नये?

चिंपांझींना आपलं खोकला-पडसं लागू नये म्हणून जंगलात सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले. तरी विहीणबाईंचं "जावईबापू, धरा हं मला" थांबेना. मी आपली मागून एकटी रान तुडवत होते, आणि मास्कच्या आत दात-ओठ खात होते.

मग चिंपांझी दिसले. आम्ही सगळे खाली बसलो. टक्कल पडलेल्या एका म्हातारीपुढं चांगला दांडगा नर आला आणि तिच्याकडं पाठ करून मुकाट बसला. ती त्याच्या केसांतून किडे वेचू लागली.

"तिचा मुलगा आहे," माझा मुलगा कुजबुजला. "वाटाड्या सांगतोय, रोज येतो तिच्याकडं."

विहिणीचा हेवा परवडला. आता मला त्या माकडिणीचाही वाटायला लागला.

मुलगा माझ्यापुढंच बसला होता. त्याच्या केसांत रानातली कुसळं अडकली होती, ती मी वेचायला घेतली. त्यानं मान मागं सोडली.

बऱ्याच वेळानं विहीणबाई म्हणाल्या, "अहो, निघाली की सगळी कुसळं!"

"तुम्ही चिंपांझी बघा," मी म्हटलं.