बारा नमुने

सुशीलाबाई रुग्णवाहिकेत चढायला तयार नव्हत्या. दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या ओरडत होत्या, "मला कामून न्यायलाव? मी नाकाला हातच लावू दिला न्हाई कुणाला!"

त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. गाडीत बसलेले अकरा जणही सकाळपासून हेच सांगत होते, पण तालुक्याच्या डॉक्टरांना त्याची सवय झाली होती. ज्या गावात जावं तिथं लोक असंच म्हणत. डॉक्टरांच्या हातात बारा नावांचा कागद होता, आणि सुशीलाबाईंचं नाव शेवटचं होतं. "आजी, कोरोनाचा नवा प्रकार आहे हा. काहींना ताप येत नाही, कळतही नाही. चला," ते म्हणाले.

डॉक्टरांच्या जीपच्या मागे राजपाल उभा होता. सुशीलाबाई खरं बोलत आहेत हे त्या गल्लीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

राजपाल नमुने घ्यायच्या कामावर कंत्राटी होता. चिटगुप्पा या तालुक्याच्या गावी खोली करून राहायचा आणि रोज मोटरसायकलवर आसपासची गावं फिरायचा. पुण्या-सोलापुराकडून माणसं परतायला लागली तसा नवा कोरोना पसरू लागला, आणि वरून हुकूम आला की रोज वीस नमुने हवेत. कमी आले तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही. सोमवारी तो या गावात आला तेव्हा दारं धडाधड बंद झाली. नाकात काडी घातली की माणूस मरतो, अशी आवई उठली होती. दुपारपर्यंत आठ नमुने झाले.

सुशीलाबाईंनीही नकोच म्हटलं. पण त्या उन्हात त्याला तसंच पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला ओसरीवर बसवून ताक दिलं. "मास्क काढ की लेकरा, ताक काय कापडातून पितोस?" म्हणत त्या त्याच्यासमोर बसल्या आणि अर्धा तास बोलत राहिल्या.

तिथून उठून तो शाळेच्या मागं गेला. बारा नळ्या काढल्या आणि बाराही काड्या एकामागून एक स्वतःच्या नाकात घातल्या. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून रक्त आलं. मग मतदार यादीतली बारा नावं नळ्यांवर चिकटवली. आपल्याला काही झालेलं नाही, म्हणजे बाराही निगेटिव्ह येतील आणि कुणाचं काही बिघडणार नाही, असं त्यानं धरलं होतं.

गुरुवारी निकाल आला. आठ निगेटिव्ह आणि बारा पॉझिटिव्ह.

दवाखान्याच्या पांढऱ्या संरक्षक झग्यातल्या माणसानं सुशीलाबाईंची बोटं चौकटीवरून सोडवायला घेतली. सून विजयश्री रडू लागली. या बारा धडधाकट माणसांना आता खऱ्या आजाऱ्यांच्या शेजारी नेऊन झोपवणार होते. राजपाल पुढं झाला.

"साहेब, सोडा त्यास्नी. ते बारा नमुने माझे हायेत. समदे माझ्याच नाकातले. ह्या लोकांना काही न्हाई."

डॉक्टरांनी हातातला कागद उलटा केला आणि पेन पुढं केलं. "लिहून दे."

त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळं लिहिलं आणि खाली सही केली. नोकरी गेली हे त्याला सहीच्या आधीच कळलं होतं. बारा माणसं घरी गेली, आणि त्याच गाडीत तो एकटा बसला. गावातले जुने माणूस अंकुशराव लांबूनच म्हणाले, "चूक केलास बाबा. पर कबूल करायला छाती लागती." सुशीलाबाईंनी दारातून त्याच्याकडं बघून दोन्ही हात जोडले. गाडी हलली तेव्हा राजपालला सोमवारपासून पहिल्यांदा हलकं वाटलं.

रविवारी त्याचा श्वास चढला. त्याला बिदरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि ऑक्सिजनची नळी लावली. पुढचे दिवस त्याला नीट आठवतही नाहीत. बुधवारी जरा डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खाटेवर कुणाला तरी आणून टाकत होते. ओठ काळेनिळे पडले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. सोबतच्या बाईनं पदरानं तोंड गच्च बांधलं होतं. ती विजयश्री होती.

राजपाल कोपरावर उठला. "काकूला कधीपासून हाय?"

"शनवारपासून ताप हाय."

"शनवारपासून? मग गावात तपासायला टीम आली आसंल की. तपासलं न्हाई?"

"रविवारी आली व्हती. ह्या बारीला समद्या गावानं न बोलता नाक पुढं केलं. चौतीस जन पॉझिटिव्ह निघाले." विजयश्रीनं सासूच्या कपाळावर हात ठेवला. "आत्या तेवढ्या उठल्या न्हाईत. दवाखान्यात चला म्हनून मी पाया पडले, तरी एकच म्हनायच्या, 'राजपालनं चारचौघांत सांगितलंय, मला काही न्हाई म्हून. आपली नोकरी घालवून कोन खोटं बोलतंय व्हय?'"