मैनाबाईंच्या तक्रारी

बाबनरावांनी फोन तोंडाजवळ धरला आणि हळूच विचारलं, "मैना माझ्यावर कोणत्या गोष्टीवरून जास्त चिडे?"

ओट्याशी कणीक मळणाऱ्या ऋतुजाचे हात थांबले. वडिलांच्या तोंडून आईचं नाव तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

फोनमध्ये ते एआयचं अ‍ॅप तिनंच घालून दिलं होतं. इतवारीतलं कापडाचं दुकान बंद केल्यापासून बाबनराव प्रताप नगरच्या घरात नुसते येरझारा घालत. डायरी लिहायची सवय मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात सोडली नव्हती. गिऱ्हाईक, ऊन, भाजी, भांडण, सगळं सारख्याच कोरड्या अक्षरांत. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी ऋतुजा स्वयंपाकाला यायची, तेव्हा थोडी थोडी करून तिनं सगळ्या पानांचे फोटो अ‍ॅपमध्ये भरले. काही विचारलं की ते शोधून सांगायचं. बाबा जुन्या दिवाळ्या, जुने सौदे काढत बसतील, असं तिला वाटलं होतं.

अ‍ॅपनं सांगितलं, न कळवता पाहुणे जेवायला आणल्यावरून. त्याखालोखाल, चारचौघांत तिच्या माहेराची टिंगल केल्यावरून.

बाबनरावांनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "लिहिलं तर मीच. वाचलं नाही कधी."

आईबाबांचा घटस्फोट ऋतुजाच्या लग्नानंतर झाला होता. मारझोड नव्हती, दारू नव्हती. रोजचं बारीक बारीक साचत गेलं आणि एक दिवस मैनाबाईंनी आता पुरे म्हटलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला, एक लहानसा फ्लॅट भाड्यानं घेऊन त्या शिवणाचे क्लास चालवू लागल्या. नंतर दोघांची भेट नाही की फोन नाही. मधे ऋतुजा, एकाचं दुसऱ्याला न सांगता दोन्हीकडे जाणारी.

त्या दिवसानंतर बाबनराव रोज काहीतरी विचारू लागले. मैना कशावरून रडली होती? आपण कोणता शब्द दिला आणि पाळला नाही? अ‍ॅप सांगायचं, ते ऐकायचे. कधी एखादी नोंद पुन्हा वाचून दाखवायला लावायचे. एकदा अ‍ॅपनं आपण होऊन विचारलं, मैनाबाईंना काय आवडायचं तेही शोधू का? बाबनराव नको म्हणाले. ते त्यांना पाठच असेल, असं ऋतुजाला वाटलं.

मग माणूस बदलत गेला. जेवलेलं ताट उचलून स्वतः धुऊ लागला. समोरच्याचं बोलणं मधेच तोडेनासा झाला. जावयाला जेवायला थांबवून घ्यायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन ऋतुजाला विचारलं, तेव्हा तिनं वाटीभर तांदूळ जास्त घेतले. बैठकीला नवा रंग दिला. झोपायच्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं केलं. तिनं काहीच विचारलं नाही. विचारलं तर ते संकोचतील आणि सगळं तिथंच थांबेल, अशी तिला भीती होती.

पण आईपाशी तिला राहवलं नाही. बाबा रोज काय विचारतात ते तिनं सांगून टाकलं.

मैनाबाईंनी आधी उडवूनच लावलं. आता आठवून काय करायचं, म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, आज काय विचारलं त्यांनी? पुढं तो रोजचाच प्रश्न झाला. काही दिवसांनी ऋतुजा बेसाला गेली, तर क्लासची नवी बॅच त्यांनी घेतलीच नव्हती. जागा सोडायचं घरमालकाशीही बोलून ठेवलंय, असं त्या शिलाई मशीन पुसता पुसता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या. तोच फ्लॅट पुढं विकत घ्यायचा विचारही त्यांनी सोडला होता.

आणि एका सकाळी बाबनरावच म्हणाले, "मले बेसाले घेऊन चाल."

मैनाबाईंनी आलूपोहे केले होते. नेसायला ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. बाबनराव खुर्चीच्या टोकाशी बसले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. कुठं चुकलं, कधी चुकलं. सबब एकाही गोष्टीला जोडली नाही. मैनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. ऋतुजा दारापाशीच उभी राहिली. आत जावं की बाहेर, तिला कळत नव्हतं.

"अजून काही राहिलं काय?" बाबनराव म्हणाले. "डायरीत नसन, ते तू सांग."

मैनाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"मले ताप राहे, तवा तुम्ही डॉक्टर आणला, औषध आणलं. जवळ कधी बसले नाही."

बाबनरावांनी मान हलवली. "जवळ बसायचं," ते पुटपुटले, पाठ करावं तसं.

मैनाबाईंनी वर पाहिलं. डोळे पुसले आणि पोह्यांची बशी त्यांच्याकडे सरकवली. ऋतुजानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"बरं झालं तू सांगितलं," बाबनराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसरं लग्न करून राहिलो मी. तिच्यासंगं तरी असं होऊ द्यायचं नाही मले."